अर्ध्या बोटाचा फरक

माणसं दोन ठिकाणी हमखास खोटं बोलतात. मुलीच्या बापाला पगार सांगताना आणि माझ्या गॅरेजात वजन सांगताना. पगाराशी मला काही देणंघेणं नाही, पण वजनाशी आहे, कारण माझं पोटच त्यावर चालतं.

पेठ नाक्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून माझं पत्र्याचं गॅरेज आहे. मी फक्त दुचाकीचे शॉकअप बघतो. इंजिनात हात घालत नाही, पंक्चर काढत नाही. “मिस्त्री, एवढी चेन तरी टाइट करून द्या,” म्हणणाऱ्याला समोरच्या दुकानाचा रस्ता दाखवतो. त्यामुळे मी शिष्ट आहे असं नाक्यावर बोललं जातं. त्यात खोटं काही नाही. उभा जन्म एकाच गोष्टीत घातला की माणूस थोडा शिष्ट होतोच.

शॉकअप म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. मागच्या चाकाच्या दोन बाजूंना स्प्रिंग गुंडाळलेल्या दोन नळ्या दिसतात ना, ते शॉकअप. स्प्रिंग वजन पेलते. पण नुसती स्प्रिंग असती तर एका खड्ड्यात आपटलेली गाडी पुढच्या चौकापर्यंत नाचत राहिली असती. म्हणून आतल्या नळीत तेल असतं, ते स्प्रिंगला आवरतं. एक पेलणारं आणि एक आवरणारं. आमच्या घरी ही दोन्ही कामं बायको करते, असं मी चारचौघांत म्हणतो आणि घरी गेल्यावर त्याची किंमत मोजतो.

आता खरी गोम. कंपनी गाडी बनवते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे एक माणूस असतो. जाड नाही, बारीक नाही. तो नेहमी एकटाच कुठेतरी निघालेला असतो. मागे बायको नाही, टाकीवर पोरगं नाही, हँडलला भाजीची पिशवी नाही, दुधाची किटली नाही. या सद्गृहस्थाच्या मापानं शॉकअप लावून गाडी शोरूमच्या बाहेर पडते. मी सगळी हयात त्याची वाट पाहिली. तो काही अजून माझ्या गॅरेजात आलेला नाही.

जे येतात ते वेगळेच असतात. म्हणून कंपनीनंच एक सोय करून ठेवलेली असते, जी कुणाला माहीत नसते. स्प्रिंगच्या बुडाशी एक फिरणारी कडी असते आणि तिला जिन्यासारख्या पायऱ्या असतात. आकड्याच्या तोंडाचा एक पाना त्या कडीत अडकवून ओढला की स्प्रिंग एक पायरी वर चढते किंवा खाली उतरते. वर चढवली की जड माणूस नीट पेलला जातो, खाली उतरवली की हलक्या माणसाला गाडी मऊ वाटते. मिनिटाचं काम. तो पाना नव्या गाडीबरोबर मिळतोसुद्धा, पण बहुतेकांच्या गाडीत तो प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरच येत नाही.

पाना कुणीही ओढेल. किती ओढायचा, इथेच घोडं पेंड खातं. माझी रीत अशी. गाडी मोठ्या स्टँडवर लावायची, मागचं चाक अधांतरी. चाकाच्या नटापासून सीटच्या कडेपर्यंत एक पट्टी धरून खडूनं खूण करायची. मग गाडी खाली घ्यायची आणि मालकाला तिच्यावर बसवायचं, रोज बसतो तसं, पाय वर घेऊन. गाडी किती दबली ते मी खुणेपाशी बोटं लावून बघतो. दोन बोटं दबली तर ठीक. तीन दबली तर खड्ड्यात बूड आपटणार. एकच दबली तर प्रत्येक खडा पाठीच्या मणक्याला जाऊन सांगणार की मी आलोय. टेप आहे माझ्याकडे, पण बोटांची सवय सुटत नाही.

नाशिक रोडचे एक सरकारी नोकरीतले साहेब यायचे. गाडी खड्ड्यात आपटते ही तक्रार. वजन विचारलं की लग्नात जे होतं तेच सांगायचे. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून मी दोनदा पायरी बसवली आणि दोनदा गाडी परत आली. तिसऱ्यांदा मी त्यांना शेजारी नेलं. शेजारी म्हणजे अन्वरभाईचं भंगाराचं दुकान. तिथे जमिनीवर ठेवायचा मोठा वजनकाटा आहे, गोल तबकडीचा. साहेबांनी आधी बूट काढले, मग पाकीट, मग मोबाइल, मग घड्याळ. अन्वरभाई शांतपणे म्हणाला, “साब, गाडीपे नंगे पाँव बैठते क्या?” साहेबांनी निमूटपणे सगळं परत चढवलं. काटा जिथे थांबला तिथून मी पायरी ठरवली आणि त्यानंतर त्यांची तक्रार आली नाही.

उलटी गंमत सुरगाण्याकडच्या एका शिक्षिकेची. अंगानं काडी. नवऱ्याची मोटारसायकल घेऊन पाड्यावरच्या शाळेत जायच्या आणि दगडावरून चाक गेलं की सीटवरून हात-दीड हात वर. घरच्यांचं म्हणणं, बाईला गाडी जमत नाही. मी पायरी सगळ्यात खाली उतरवली, चाकातली हवा थोडी कमी केली आणि त्यांना नाक्यापर्यंत चक्कर मारून यायला सांगितलं. परत आल्या तेव्हा हेल्मेटही न काढता म्हणाल्या, “म्हणजे मला चालवता येत होती.” हे वाक्य आठवलं की मला आजही बरं वाटतं.

साहेब चढले तेव्हापासून अन्वरभाईचा काटा माझ्या धंद्यातलं हत्यारच झाला. गिऱ्हाईक कुरकुरतं, पण चढतं. भंगाराच्या काट्यावर उभं राहायला माणसाला जरा कसंसंच होतं, ते मला समजतं. पण त्या काट्याला लाज नाही आणि भीडही नाही. आणि याच काट्यावर निवृत्तीभाऊ चढायला तयार नव्हता, ती गोष्ट मला सांगायची आहे.

निवृत्तीभाऊ मखमलाबादच्या पुढचा मळेकरी. झेंडू, शेवंती आणि बांधाला थोडी मेथी-कोथिंबीर. माणूस म्हणजे बैलासारखा. पोतं पाठीवर टाकून बांध चढायचा आणि वर जाऊन तंबाखू मळायचा. बायको मंदाबाई, तोंडानं फटकळ आणि हातानं त्याहून चलाख. पंचवटीतल्या फूलबाजारात ती बसायची. फुलं घेताना मूठ भरली की किती भरली ते ती तराजूच्या आधी सांगायची, आणि तराजू तिला खोटं पाडायचा नाही. रोज पहाटे दोघं मोटारसायकलवरून यायची. पुढे निवृत्ती, मागे मंदाबाई, तिच्या मागे आणि दोन्ही बाजूंना फुलांची गाठोडी. लांबून गाडी दिसायची नाही, नुसती फुलं चाललीत असं वाटायचं.

ती गाडी नवीन घेतली तेव्हा दोघं माझ्याकडे आली होती. मी दोघांनाही अन्वरभाईच्या काट्यावर चढवलं. मंदाबाई पन्नास किलोच्या जरा वर. निवृत्ती चढला आणि काटा ऐंशीपाशी गेला, तेव्हा त्यानं आजूबाजूला बघून मिशीवरून हात फिरवला होता. ओझ्याचा हिशेब करून मी स्प्रिंग चौथ्या पायरीवर बसवली. निवृत्ती एकटा बसला की गाडी बरोबर दोन बोटं दबायची. गाठोडी चढली की आणखी दबायची, पण बूड टेकत नव्हतं. गाडी एकदा मापाला लागली की लागली. पुढे दोन वर्षं तो फक्त दसऱ्याआधी यायचा, तेलाचं सील बघून घ्यायला.

दसऱ्याआधीचे दिवस म्हणजे आमच्या धंद्याची सुगी. प्रत्येकाला पूजेला गाडी ठणठणीत लागते. वर्षभर आपटत हिंडतील, पण हार घालायच्या दिवशी ती कुरकुरता कामा नये. त्या वर्षी घट बसले होते आणि माझ्या दारात गाड्यांची रांग होती. दुपारच्या सुमाराला बाजार आटपून निवृत्ती आणि मंदाबाई आली. रिकाम्या गाठोड्यांची फडकी घडी करून सीटवर ठेवलेली.

“मिस्त्री, शॉकअप बदलून टाका,” निवृत्ती उतरायच्या आधीच म्हणाला. “गाडी लय उडवती. मनके खिळखिळे झाले माझे. नवे टाका, दसऱ्याच्या मालाला अडकायला नको.”

मी म्हटलं, बघू तरी. तो माझ्या माठाकडे गेला, दोन तांबे पाणी प्यायला आणि थोड्या वेळानं परत माठाकडे गेला. दिवस उन्हाचे होते, माझं लक्ष गेलं नाही.

माझं लक्ष गाडीकडे होतं, कारण तक्रारच उफराटी होती. स्प्रिंग म्हातारी झाली की मऊ पडते. वर्षं जातील तशी गाडी जास्त दबायला लागते. आपोआप कडक झालेली स्प्रिंग मी पाहिलेली नाही. तेव्हा गाडी उडवत असेल तर चारच संशयित. चाकात हवा जास्त, नळीतला दांडा वाकलेला, मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा बुश जाम, नाहीतर कुणीतरी कडी फिरवलेली. हवा बघितली, बरोबर. शॉकअप काढून हातानं दाबले, लोण्यात सुरी जावी तसे गेले आणि आले. बुश मोकळा. कडी चौथ्याच पायरीवर, आणि तिच्यावर मळ्यातली माती अशी घट्ट बसलेली की दोन वर्षांत तिला पाना लागलाच नव्हता हे शपथेवर सांगता आलं असतं.

गाडी निर्दोष निघाली. मी शॉकअप परत चढवले, खडूची खूण केली आणि निवृत्तीला बसायला सांगितलं. बोटं लावली. दीड. त्याला उतरवून गाडी हलवली, परत बसवलं. दीडच.

अर्ध्या बोटाचा फरक. कुणाला वाटेल, त्यात काय एवढं. पण गाडी तीच, स्प्रिंग तीच, पायरी तीच. मग उरतं काय? बसणारा. मी पहिल्यांदा मान वर करून निवृत्तीकडे नीट बघितलं. गळ्यापाशी सदऱ्याची पट्टी लांब उभी राहिली होती. खांद्याची शिवण दंडावर आली होती. पँटचा पट्टा असता तर नवीन भोकं पाडावी लागली असती आणि घरात कुणाच्या तरी डोळ्यांवर आलं असतं. पण त्याचा पायजमा, आणि नाडी काय, जेवढी ओढाल तेवढी आवळते. गाडी कडक झालीच नव्हती. त्याच्या हाडांवरची गादी गेली होती.

“निवृत्तीभाऊ, वजन उतरलंय तुमचं,” मी म्हणालो.

त्यानं ते उडवून लावलं. सुगीत कुणाचं वजन वाढतं का, रात्रंदिवस तोडणी चालू आहे, असं बरंच काही. मी म्हटलं, शेजारी काट्यावर चढा, मग बोलू. तेव्हा तो बिथरला. मी काय भंगार आहे का, म्हणाला. वर, वजन वाढलंच असेल तर हिचं वाढलं असेल आणि तिच्यामुळे गाडी बिघडली असेल, असंही ठोकून दिलं. आता मागचं माणूस जड झालं तर गाडी दबेल, उडवायची कशाला? पण नवरा-बायकोच्या मध्ये शॉकअपचं शास्त्र सांगण्याएवढा मी खुळा नाही.

सांगायची गरजही पडली नाही. मंदाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिनं पदर खोचला, तरातरा अन्वरभाईच्या दुकानात गेली आणि काट्यावर उभी राहिली. अन्वरभाई पितळेची भांडी ठोकत बसला होता, तो उठून आला. काटा पन्नाशीच्या जरा वर, दोन वर्षांपूर्वी होता तिथेच. “बघितलं का मिस्त्री?” ती म्हणाली. “आता यांला चढवा. आवो, या ना. कसली लाज वाटती?”

रांगेतली दोन-चार गिऱ्हाइकंही आता मजा बघायला सरकली होती. इतक्या माणसांत माघार घेणं निवृत्तीला जमणारं नव्हतं. तो आला, चपला न काढता चढला आणि मुद्दाम दुसरीकडे बघत राहिला. काटा हलला, डुचमळला आणि थांबला. साठीच्या खाली.

कुणी हसलं नाही. अन्वरभाईनं वाकून तबकडीवर टिचकी मारली. मग निवृत्तीला उतरवून त्यानं आपलं वीस किलोचं लोखंडी वजन ठेवून बघितलं. काटा विसावर गेला. “काटा बराबर है,” तो हळूच म्हणाला. निवृत्तीनं न सांगता परत चढून बघितलं. तेच.

मंदाबाईचा आवाज एकदम खाली आला. ती माझ्याकडे बघत नव्हती, त्याच्या सदऱ्याकडे बघत होती. “रोज फुलं तोलते मी, भाऊ. मुठीत कमी भरलं तं हाताला कळतं. आन घरातला मानूस एवढा कमी झाला, मला नाय कळलं.”

मला तिला सांगायचं होतं की रोज बघणाऱ्याला दिसत नसतं, म्हणून तर मी खडूनं खूण करतो. रोज डोळ्यांपुढचं माणूस थोडं थोडं उतरतं आणि आपल्याला वाटतं, आहे तसंच आहे.

मग खरा वाद झाला. मी म्हटलं, आजच्या आज दवाखाना. निवृत्तीचं एकच पालुपद, दसरा होऊ द्या. आणि त्याचंही खोटं नव्हतं. झेंडूवाल्याचं वर्ष दसऱ्याच्या दोन दिवसांत असतं. मळा फुलानं पिवळाधमक झालेला, दोन दिवसांनी मोठी तोडणी, आणि आदल्या दिवशी माल बाजारात गेला नाही तर त्या फुलांना दसऱ्यानंतर गुरंही विचारत नाहीत. आमच्याकडे कुठलंही दुखणं दसऱ्यापर्यंत थांबतं, मग दिवाळीपर्यंत थांबतं, आणि पुढे लग्नसराई असतेच. तो मला अजिजीनं म्हणाला, “मिस्त्री, तुम्ही एक पायरी उतरवा फक्त. दसऱ्यापुरतं भागवा. नंतर तुम्ही म्हनाल त्या डॉक्टरकडं येतो.”

मिनिटाचं काम होतं. पाना माझ्या हातातच होता. गिऱ्हाइकानं सांगितलं आणि मी केलं नाही, असं माझ्या हातून सहसा होत नाही. पण मला दिसत होतं ते असं की मी पायरी उतरवली की गाडी मऊ होईल, मणके दुखायचे थांबतील आणि हा माणूस सुखानं विसरून जाईल. त्याला टोचणारं असं ते एवढं एकच होतं. मी पाना खिशात घातला आणि म्हणालो, “आज मी हा लावणार नाही. आधी तुम्ही तपासून या.”

तो चिडला. नाक्यावर काय तुम्हीच एक मिस्त्री आहात का, असं म्हणत गाडीकडे वळला. आणि बरोबरच होतं त्याचं. पुढच्या चौकातल्या कुणाही पोराला सांगितलं असतं तर त्यानं डोळे झाकून दोन पायऱ्या उतरवून दिल्या असत्या. माझ्या नकाराला तेवढीच किंमत होती. पण मंदाबाई त्याच्या आधी गाडीपाशी पोचली होती. तिनं किल्ली काढून कनवटीला लावली. “फुलांचं मी बघते,” ती म्हणाली. “तुम्ही दवाखान्यात चला.”

अन्वरभाईनं आपला छोटा हत्ती टेंपो दारात आणला. “बैठो भाऊ. मेरेको उधरसे लोहा उठानाच है,” असं म्हणाला. त्याला तिकडून काही उचलायचं नव्हतं, हे मला माहीत होतं. निवृत्ती गाडीकडे एकदा बघून टेंपोत चढला.

संध्याकाळी अन्वरभाई परत आला तो एकटाच. साखर इतकी वाढली होती की बोटाला टोचून बघायच्या यंत्रात आकडाच उमटेना. निवृत्तीला भरती करून घेतलं होतं. डॉक्टरांनी मंदाबाईला विचारलं, हा माणूस गाडी चालवतो का? रोज पहाटे चालवतो म्हटल्यावर ते म्हणाले, अजून थोडे दिवस असंच गेलं असतं तर एखाद्या पहाटे हँडल धरल्या धरल्या शुद्ध गेली असती. आणि मागे मंदाबाई बसलेली असायची, हे त्यांना माहीत नव्हतं. ते ऐकल्यावर मी त्या दिवशी रांगेतल्या उरलेल्या गाड्यांना हात लावला नाही.

फुलांचं मात्र मंदाबाईनं खरंच बघितलं. भावकीतल्या बायका तोडणीला आल्या. पण माल बाजारात न्यायचा कशात? दसऱ्याच्या तोंडावर टेंपो मिळणं म्हणजे अक्षतांना बोलावून नवरदेव शोधण्यापैकी. अन्वरभाईनं आपला छोटा हत्ती नदीवर नेला आणि घासून घासून धुतला. गंज काही निघाला नाही. मग त्यानं आत घरातल्या जुन्या चादरी अंथरल्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी तो टेंपो माझ्या दारावरून गेला. बाहेरून लिहिलेलं ‘जुने पत्रे, लोखंड, बॅटरी घेतो’ आणि आत काठोकाठ झेंडू. पुढे अन्वरभाई ताठ बसलेला आणि शेजारी मंदाबाई मोबाइल कानाला लावून दवाखान्यातल्या नवऱ्याला बाजारभाव सांगतेय. माझे डोळे भरून आले. वयाचा परिणाम असेल, नसेलही.

निवृत्तीचा मलाही फोन आला. आवाज बारीक होता, पण ऐट शाबूत. “मिस्त्री, गाडी तुमच्याकडंच हे ना? कोनाला हात लावू देऊ नका.” मी म्हटलं, नाही लावू देत. दसऱ्याला मी माझ्या पान्यांची पूजा करतो. त्या वर्षी पान्यांशेजारी निवृत्तीची गाडी उभी केली आणि तिला तिच्याच मळ्यातल्या फुलांचा हार घातला.

तो घरी आल्यावर गाडी न्यायला आला तेव्हा मी आपणहून पाना काढला आणि चौथ्या पायरीवरून तिसरीवर उतरवली. आता उतरवायला हरकत नव्हती. जे टोचायचं होतं ते टोचून झालं होतं. बोटं लावली, दोन. त्याला मी एवढंच म्हटलं की ही पायरी मी तात्पुरती दिलीय. तो हसला, पण ओठांनीच.

हल्ली आमच्या धंद्यात एक नवीन रीत निघाली आहे आणि ती मला पसंत नाही. लोक स्वतः येत नाहीत. मोबाइलवर बटण दाबतात, एक पोरगा घरी जाऊन गाडी आणतो, काम झालं की परत पोचवतो. सोयीचं आहे, नाही कोण म्हणतं? पण गाडी येते आणि माणूस येत नाही. मी शॉकअप कुणाच्या वजनाला लावू? त्या पोराच्या? ज्या दिवशी निवृत्तीनं गाडी अशीच कुणाबरोबर पाठवली असती, त्या दिवशी मी चारी संशयित तपासले असते, काही सापडलं नसतं, आणि गाडी पुसून परत दिली असती. म्हणून बटणवाल्या गाड्या मी घेत नाही. धंदा थोडा कमी झाला, पण जे येतात ते बसून जातात.

पुढच्या वर्षी घट बसले आणि दारात परत रांग लागली. एका दुपारी ओळखीचा आवाज आला. निवृत्ती गाडीवरून उतरला. मागे मंदाबाई, हातात फुलांची पिशवी. वर्षभरात तो अधूनमधून यायचा, दर वेळी जरा भरलेला दिसायचा. पण मी आता डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही.

“मिस्त्री, शॉकअप गेले वाटतं,” तो गंभीर चेहरा करून म्हणाला. “गाडी लय बसती. मखमलाबादच्या गतिरोधकाला बूड टेकलं.”

मंदाबाई म्हणाली, खोटं बोलतात, चेष्टा करायला आलेत. मग तिनं वर्षाचा जमाखर्च ऐकवला. भाकरी किती, भात किती कमी, रोज बांधावरून चालणं, गोळ्या खिशात, आणि चहात साखर घातली म्हणून एका पाहुण्याशी झालेलं भांडण. बोलता बोलता तिनं पिशवीतून हार काढला. दर दसऱ्याला माझ्या पान्यांना तिच्याकडून हार असतो. या वेळी पिशवीत दोन होते. दुसरा घेऊन ती थेट शेजारी गेली आणि भंगाराच्या काट्याच्या मानेला घातला.

अन्वरभाई गडबडला. “अरे भाभी, इसपे तो भंगार तुलता है.”

“तुलू द्या,” मंदाबाई म्हणाली. “आमचा मानूस याच्यावरच सापडला.”

निवृत्ती कुणी न सांगता काट्यावर चढला. या वेळी चपला काढून. आजूबाजूला पाहिलं नाही, मिशीवर हातही फिरवला नाही, नुसता तबकडीकडे बघत उभा राहिला. काटा सत्तरी ओलांडून पुढे गेला. डॉक्टरांनी तिथपर्यंतच जायचं सांगितलं होतं, पुढे नाही.

मी गाडी स्टँडवर घेतली, खडूची खूण केली आणि त्याला बसवलं. अडीच बोटं. शॉकअपला काही झालेलं नव्हतं. मी पाना काढला आणि मग मनात आलं म्हणून मंदाबाईच्या हातात दिला. कडीत कसा अडकवायचा ते दाखवलं. तिनं दोन्ही हातांनी धरून ओढला. फुलांना सवयीचे हात, पण जोर होता. कडी टक्क करून चौथ्या पायरीवर बसली. दुसऱ्या बाजूची तिनं मला न विचारता फिरवली.

“बसा आता,” ती नवऱ्याला म्हणाली.

तो बसला, पाय वर घेऊन, रोज बसतो तसा. मी खुणेपाशी वाकलो आणि बोटं लावली. मग बाजूला झालो आणि म्हटलं, वहिनी, या वेळी तुम्ही बघा. तिनं आपली बोटं लावली, फुलं मोजावीत तशी हलक्या हातानं, आणि ती तिथून लवकर काढेचना.

“पुरी दोन,” ती म्हणाली.